रॉकेलच्या रांगेतली जानकीबाई

जानकीबाईबद्दल चांगलं लिहायचं ठरवलंय खरं, पण हात जड होतो. मला तिचा हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. मी दुसरी शिकलेली, ती तेवढीही नाही. तरी भिवंडीजवळच्या कोन गावाच्या अलीकडं आमच्या गावात माझं नाव विचारा, लोक म्हणतील, "आक्का म्हणजे जानकीबाईच्या वाटेवर राहतात त्या." पन्नास वर्षं मी या घरात राहतेय.

ती कातकरीण. वीटभट्टीवर जन्मली, भट्टीवरच विधवा झाली. पावसाळ्यात आमच्या भातलावणीला यायची. तिच्या चहाचा कप वेगळा, पडवीत पालथा घातलेला. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही, हेही लिहायला हवं.

दोन हजार तीन सालची गोष्ट. रेशनच्या दुकानात रॉकेल यायच्या दिवशी सकाळीच डबे लावून माणसं घरी जायची. गावाची रांग ओट्यापाशी, कातकऱ्यांची चिंचेखाली. आमची संपल्यावर त्यांची, आणि तोवर पिंप रिकामं. माझा डबा मात्र केव्हाही येवो, पहिलाच. आमचे हे, बाळाराम, पोलीस पाटील होते ना.

त्या दिवशी जाऊन बघते तर चिंचेखाली एकही डबा नाही. जानकीबाईनं आलेल्या क्रमानं कातकरी वाडीचे आणि गावाचे सगळे डबे एकाच सुतळीत कड्यांतून ओवलेले. सुतळीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं आमचा डबा घेऊन आलेल्या माझ्या सुनेच्या, दिपालीच्या.

दुकानदार म्हणाला, "जानके, तुमची रांग तिकडं."

"आज एकच रांग हाय, शेठ. सुतळी सोडायची आसंल तर सगल्यांची सोडा."

तो माझ्याकडं वळला. "आक्का, तुमीच सांगा. तुमचा डबा पुढं घेतो."

"आक्कांचा सतरावा हाय," जानकीबाई म्हणाली.

दिपालीनं मान खाली घातली, पण सुतळी सोडली नाही. माझ्या सांगण्यावरून आमटीत मीठ कमी न करणारी ही पोर, जानकीबाईचं ऐकते. अंगाची लाही झाली माझ्या. पुढं गेले तर गाव जानकीबाईच्याच बाजूनं बोलणार. थांबले तर निदान माझंही नाव निघेल.

"सतरावा तर सतरावा. नंबरानं भर," मी म्हटलं.

दोन तास उन्हात उभी राहिले. चौदाव्या डब्याला रॉकेल संपलं. त्या चौदांत वाडीचे नऊ होते. कातकऱ्यांच्या बायका डबे घेऊन जानकीबाईभोवती जमल्या. मला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

पिंप दर वेळी अर्धवटच का येतं, म्हणून तिनं दिपालीकडून अर्ज लिहून घेतला. "पयली सही आक्कांची," ती म्हणाली. मी एकेक अक्षर एवढं मोठं काढलं की अर्धी जागा खाल्ली. तिनं उरलेल्या कोपऱ्यात अंगठा उठवला.

भिवंडीच्या कचेरीत साहेबांनी अर्ज वाचून विचारलं, "यातल्या जानकीबाई कोण?"

"मीच, सायेब. पण आधी आक्कांना खुर्ची द्या. गुडघे दुखतात त्यांचे."

पुढच्या महिन्यापासून भरलेलं पिंप येऊ लागलं आणि सगळ्यांचे डबे भरले. त्या दिवशी कचेरीत मला खुर्ची मिळाली, तीही तिच्याच शब्दावर. ती स्वतः तासभर उभी राहून बोलली, आणि साहेब तिच्याकडंच बघत होते.