अमोनियाची पिशवी

"ही पिशवी आमच्या चांभारानं शिवलीय. शिवण बघा काय आहे. कितीही शिकला तरी रक्तातली कला कुठं जात नाही."

सर भर सभेत बोलले. टाळ्या पडल्या. सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतला हॉल, समोर वकील, डॉक्टर, गिरणीतले साहेब. मी टेबलामागे उभा. त्यांचा चांभार म्हणजे मी. बी.एस्सी. झालेला, पुण्याच्या कॉलेजात त्यांच्याच हाताखाली संशोधन करणारा.

पिशवी मीच शिवली होती. रबर चढवलेल्या कापडाची, अमोनिया वायू कोंडायला. तशी बाजारात मिळेना, म्हणून सरांनी मला गळ घातली. चामडं शिवायची आरी सुटावी म्हणून तर मी शिकलो होतो. पण सरांसाठी पुन्हा आरी धरली. या पिशवीतून बोटाच्या पेराहूनही आखूड रेडिओलहरी सोडायच्या. ठरावीक लांबीची लहर अमोनिया गिळतो आणि मीटरचा काटा पडतो. त्यावरून रेणूची घडण कळते. तीन हायड्रोजन, त्यांच्या डोक्यावर एक नायट्रोजन, आणि सगळा रेणू वाऱ्यात छत्री उलटावी तसा उलटसुलट होत असतो. ती लांबी पकडण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला होता. सोलापूर तुझं गाव, तिथं तूच समजावून सांगायचं, असा सरांचा शब्द होता. म्हणून मी माझ्या बाला, वडलांना, बोलावलं. तो दाराशी, चपलांच्या ढिगापाशी उभा होता.

सरांनी काटा पाडून दाखवला. सगळं स्वतःच सांगितलं. लहरही आपणच मोजली, म्हणाले. मला फक्त खूण केली, पिशवी आत नेऊन ठेवायची. आणि मी नेली. त्याची लाज अजून जात नाही.

भवानी पेठेत, घराच्या वळणावर बा थांबला. मग म्हणाला, "तू बोलनार म्हणून आलो व्हतो की. शिवायला तर मी बी शिवतो."

शिव्या देणारे परवडले. त्यांच्याकडून मी कधी काही मागितलं नव्हतं. या माणसाला मी देव मानलं आणि त्यानं माझा गळा कापला. तोही कौतुक करत.

दुसऱ्या दिवशी पुण्यात परतल्यावर सरांनी त्यांच्या घरी बोलावलं. मुंबईत प्रयोग दाखवायचाय, आणखी मोठी पिशवी लागेल, म्हणाले.

"शिवणार नाही," मी म्हणालो. "लहर मी मोजली, हे चारचौघांत सांगा."

सर हसले. तुझा गैरसमज झालाय, मी तर वाखाणलं तुला. मग हसू गेलं. माझ्याशिवाय तुला प्रयोगशाळेचं दार कोण उघडणार, म्हणाले.

कोणीही नाही. ते मला ठाऊक होतं. तरी उठलो आणि निघालो. जिथं माझं नाव लागणार नाही, तिथं माझा हातही लागणार नाही.