दुसऱ्या डोळ्याचं भिंग

'यापूर्वी डोळ्यांची कोणती शस्त्रक्रिया झाली आहे का?' या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं. बायकोच्या डोळ्यांत तपासणीचे थेंब घातलेले होते, तिला वाचता येत नव्हतं, म्हणून फॉर्म मी भरत होतो. मधल्या खुर्चीत माझी आई होती. आईचे दोन्ही मोतीबिंदू याच दवाखान्यात काढलेले, त्यामुळे सुनेच्या वेळी ती देखरेखीला आल्यासारखी आली होती आणि माझं प्रत्येक अक्षर वाचत होती.

खरं उत्तर 'हो' होतं. माझं लग्न जमवताना विवाह मंडळांच्या फॉर्मात उंची आणि वर्ण यांच्या खाली 'चष्मा' असा रकाना असायचा. त्या रकान्यावरून आईने दोन मुली परत पाठवल्या होत्या. तिसरी मला एका मित्राने सुचवली. ती अमरावतीची, नोकरीसाठी पुण्यात होस्टेलवर राहणारी, आणि चष्मा चांगला जाड. मला ती आवडली. आईशी भांडायची हिंमत मात्र नव्हती. म्हणून मी तिलाच सांगितलं, "आईसमोर येण्याआधी लेसर करून नंबर घालवून टाक. आणि पूर्वी चष्मा होता हे घरात कधी बोलू नकोस." तिने नागपूरला जाऊन दोन्ही डोळ्यांचं लेसर करून घेतलं. याला आता पंचवीस वर्षं झाली.

दवाखान्यातल्या मुलीने टेबलावर प्लास्टिकचा मोठा डोळा ठेवून मोतीबिंदू काढून आत बसवायच्या भिंगांचे प्रकार समजावले. एक भिंग एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवणारं, दुसरं लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारं.

"दोन्हीवालं," आई म्हणाली. "आमच्या सुनेला जन्मात चष्मा नव्हता. आता कशाला?"

बायकोने माझ्याकडे मान वळवली. मी बोलेन याची ती वाट पाहत होती हे मला समजलं. मी पेनाला टोपण लावलं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. खडकीला एका कारखान्यात ती सुट्या भागांची मापं तपासते, तिचं कामच बारीक रेघा वाचण्याचं. आता त्या डोळ्याला रेघा दिसेनात आणि समोरच्या रिक्षाचा नंबरही दिसेना. प्रत्येक दिव्याभोवती कडी दिसत. मी म्हणालो, "सवय होईल."

"तुमच्या 'सवय होईल'ची तेवढी झालीय," ती म्हणाली.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर बाईंनी बुबुळाच्या वळणाचा नकाशा काढला. त्या दिवशी आई बरोबर नव्हती. स्क्रीनवरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "लेसर कधी केलं होतंत?"

"पंचवीस वर्षं झाली."

"फॉर्मवर 'नाही' लिहिलंय."

"ते ह्यांचं अक्षर. सासूबाई शेजारी होत्या, त्यांना माहीत नाही."

"छान. मग भिंगाचा नंबर सासूबाईंनाच विचारून काढायला हवा होता."

मग त्यांनी समजावलं. लेसरने बुबुळ पुढून सपाट होतं. मशीनला ते ठाऊक नसेल तर ते नेहमीचा डोळा धरून हिशेब करतं आणि भिंग कमी ताकदीचं निघतं. शिवाय लेसर झालेल्या डोळ्यात ते दोन्ही अंतरांचं भिंग त्यांनी शक्यतो बसवलंच नसतं. "नकाशा मी आधीच काढायला हवा होता, ती चूक माझी," असंही त्या म्हणाल्या. तेवढ्याने मला हलकं वाटलं, आणि मग हलकं वाटल्याचीच लाज वाटली.

उजव्या डोळ्याच्या वेळी तरी ही चूक टाळायची होती. त्या डोळ्याचाही मोतीबिंदू वाढत होता. "लेसरच्या आधीची फाईल आणा. जुना नंबर आणि मापं मिळाली तर माझा हिशेब पडताळता येईल," बाई म्हणाल्या.

फाईल माहेरी असेल असं बायकोला वाटत होतं. नागपूरचा तो दवाखाना कधीच बंद झालेला. तिचा थोरला भाऊ, साठी ओलांडलेला माणूस, दोन दिवस माळ्यावर चढून ट्रंका उपसत होता. ते दोन दिवस मी गप्प होतो. फाईल अमरावतीला नव्हतीच. लग्नानंतर ती मला तिच्या बॅगेत दिसली होती. आईच्या हाती लागेल या भीतीने मी ती हडपसरच्या ऑफिसात नेली आणि फाडून टाकली. तिला न सांगता.

तिसऱ्या दिवशी भावाचा फोन आला की आज शेजाऱ्यांकडून उंच शिडी आणतो. तेव्हा मी तिच्यासमोर जाऊन म्हणालो, "त्यांना शोधू नका म्हण. ती मी फाडलीय."

तिने फोन कानाला तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. "दादा, उतर खाली," ती म्हणाली. "पत्ता लागला. ह्यांनीच ठेवली होती. बारीक तुकडे करून."

त्याच संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. आई उठली. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बायकोला म्हणाली, "माझ्या घरात खोटं घेऊन आलीस तू."

"आई, तिला मी सांगितलं होतं. खोटं माझं आहे."

"तू गप्प बस. पुरुषमाणसाला काय कळतं त्यातलं."

तेव्हापासून आई तिच्याशी बोलत नाही. माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते. कबुली मी दिली आणि तिचीही शिक्षा बायकोलाच झाली. एवढंच होणार असेल तर मी बोललो ते कोणासाठी, हे मला अजून सांगता येत नाही.

पुढच्या खेपेला दवाखान्यात मी मागच्या खुर्चीत बसलो. बाईंनी तिला विचारलं, "जुना नंबर आठवतो?"

"साडेसात असावा."

"असावा नको. जुन्या आकड्यांशिवाय हिशेब करायच्या पद्धती आहेत, तीन-चार पडताळून बघते. तरी थोडं इकडेतिकडे होऊ शकतं. खात्री देणार नाही."

"एकाच अंतराचं द्या, लांबचं," ती म्हणाली. "जवळच्याला चष्मा लागला तर लागू दे. घरात दिसलेला बरा."

उजवा डोळा बरा झाला. अगदी अचूक नाही, पण रस्त्यापलीकडची पाटी दिसते, आणि तपासणीच्या टेबलावर चष्मा लावून रेघाही दिसतात. तिने जाड काळी फ्रेम घेतली आहे. ती जेवतानासुद्धा काढत नाही. आई ताटाकडे बघून जेवते.

डाव्या डोळ्यातलं भिंग अजून बदलता येईल, पण त्यात धोका आहे आणि ठरवायचं तर लवकर, असं बाईंनी सांगितलं. घरी येताना मी तोंड उघडलं होतं.

"डोळ्यांबद्दल तुम्ही मला परत काही सुचवायचं नाही," ती म्हणाली. तिने बाईंना फोन करून नको म्हणून कळवलं.

त्या डोळ्याला दिव्यांची कडी अजून दिसतात, म्हणून अंधार पडल्यावर तिला स्कूटर चालवता येत नाही. मी रोज हडपसरहून खडकीला जातो आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर थांबतो. ती येते, मागे बसते, सीटमागचा दांडा धरते. पूर्वी माझ्या खांद्यावर हात ठेवायची. स्पीडब्रेकर आला की मी आधी सांगतो. ती "दिसतोय" म्हणते.