नंबर नसलेल्या दोन काचा

रक्ताची काच निळ्या रंगात बुडवली की सत्तारभाई मोठ्याने आकडे मोजू लागत. मध्ये डॉक्टरांनी काही विचारलं, तरी चाळीस होईपर्यंत उत्तर मिळत नसे. सत्तरच्या दशकात हिवताप पुन्हा उसळला, तेव्हा आसेगावजवळच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात रक्त तपासायला मी त्यांच्या हाताखाली लागले. मालेगावची नवशिकी, घरातली पहिली पगारदार. मला सगळ्याचीच धास्ती वाटे. ते म्हणत, "डर राहू दे बेटी. डर असला का हात सांभाळून चालते."

एका दुपारी दोन काचा रंगवून वाळत ठेवल्या आणि मग माझ्या लक्षात आलं. पेन्सिलीने नंबर टाकायचाच राहिला होता. एक रक्त गावातल्या म्हाताऱ्या शिंप्याचं, दुसरं वस्तीवरच्या एका बाळंतिणीचं. दोघंही गोळ्या घेऊन घरी गेलेली.

सत्तारभाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पहिली काच स्वच्छ होती. दुसरीत चंद्रकोरीसारखे जंतू होते. मेंदूत चढणारा हिवताप.

"हे कोनाची?"

"मले मालूम नाही, सत्तारभाई."

ते रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. त्यानेच मी जास्त भ्याले.

"चाल. दोघायचंबी रक्त पुन्हा घेऊ."

शिंपी मशीनवर सदरा शिवत बसला होता. तो धडधाकट होता, म्हणजे जंतू बाळंतिणीच्या रक्तात होते. वस्तीवर पोचलो तेव्हा बाळंतिणीचे डोळे फिरले होते, दातखीळ बसली होती. सासू मीठ उतरवत होती, तान्हं बाजूला रडत होतं. सत्तारभाई तिच्या नवऱ्याला एवढंच म्हणाले, "बंडी जुंप."

दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईनमधून क्विनाइन सुरू केलं. तिची नवी काच सत्तारभाईंनी माझ्याच हातात दिली. आधी पेन्सिलीने नंबर टाकला, मग रंगवली. तेच जंतू निघाले. तीन दिवस मी तिच्या खाटेकडे पाहिलं नाही. चौथ्या दिवशी तिने बाळ मागितलं.

"आता तिच्या मानसाले सांग, चूक कोनाची होती थे," सत्तारभाई म्हणाले.

"तो मारंल मले."

"मी हाय ना संगं."

मी सांगितलं. तो म्हणाला, "काहून सांगतलं बाई? आमाले कुठी समजलं असतं?"

बाहेर आल्यावर सत्तारभाई म्हणाले, "कारंज्याकडं नोकरीले होतो, तवा माह्या हातून बी काच बदलली होती. एका घरचं पोरगं गेलं त्याच्यात. मी त्यायच्या घरी गेलोच नाही. अजून बी कारंज्याची यष्टी दिसली का मान फिरवतो."