मी टाइप केलेला कागद

भाटकाराने आमच्या घराची कौलं माझ्याकडून फोडून घेतली. एकेक. मोठ्याने मोजत.

मी तेव्हा दहावीत होते. सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. शाळेत आम्हाला नव्या जिल्ह्याचा नकाशा काढायला लावला होता. खाडीकाठी, माडांच्या बागेच्या टोकाला आमची चार घरं. बौद्धवाडी. भाटकार, म्हणजे बागेचा मालक, मात्र जुन्या नावानेच हाक मारायचा. जमीन त्याची. घरं आमच्या आज्या-पणज्यांनी बांधलेली. चारही घरांतली माणसं त्याच्याच बागेत, त्याच्याच शेतात राबायची. तरी घर शाकारायचं तर आधी त्याला विचारायचं. भिंत मातीची. वर माडाचे झाप. कौल घालायचं नाही. कौलारू घर पक्कं दिसतं, आणि पक्क्या घरातला माणूस सहज उठत नाही, हे त्याला ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं.

पाडलेल्या एका गोदामाची जुनी कौलं बाबांना मिळाली. बाबा, आये आणि मी, तिघांनी ती डोक्यावरून आणली. आठ दिवस लागले. छप्पर चढलं. चौथ्या दिवशी सकाळी भाटकार दोन गडी घेऊन अंगणात उभा.

"कोणाक इचारून कौलां घातलंस रे?"

बाबांनी डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं.

"उद्या म्हणतलंस जमीन पण माझी. काढा रे खाली."

गड्यांनी कौलं उतरवली. मला वाटलं, घेऊन जाईल. मी दप्तर घेऊन दारात उभी होते. त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"तुझा चेडू शिकता मां? मोजूक येता तेका? मगे एकेक मोजून फोडूं दे."

गड्याने माझ्यापुढे धोंडा टाकला. मी बाबांकडे बघितलं. बाबा जमिनीकडे बघत होते.

मी फोडलं. एक.

"आयकाक येणा नाय."

दोन. मोठ्याने. वाटेवरून शाळेला निघालेली पोरं थांबली. माझ्याच वर्गातली. दोनशे बारा कौलं होती. दीडशेच्या पुढे माझा आवाज बसला, तरी मी ओठ हलवत राहिले. भाटकार शेवटचं कौल फुटेपर्यंत उभा होता.

संध्याकाळी बाबा एवढंच म्हणाले, "घर रवला मां? मगे झाला."

मी कौलांचे तुकडे टोपलीत भरत राहिले.

मॅट्रिक झाले. टायपिंगची परीक्षा दिली. तालुक्याच्या गावात एका वकिलांच्या कचेरीत कामाला लागले. आमच्या वाडीतली पहिली पगारदार बाई. आयेने माझ्यासाठी जुनी नऊवारी विकून पाचवारी घेतली होती.

कचेरीत मी नोटिसा टाइप करायची. जागा खाली करा. झोपडी काढून घ्या. कुणाकुणाची नावं असायची, ओळखीची आडनावं असायची. बोटं चालायची. मी वाचत नसे. खरं सांगायचं तर वाचायची. पण वाचलं नाही असं धरून चालायची. पगार हवा होता.

तीन वर्षं अशी गेली. मग एका गुरुवारी वकिलांनी एक कच्चा मसुदा माझ्या टेबलावर टाकला.

पहिलंच नाव माझ्या बाबांचं. खाली वाडीतली आणखी तीन नावं. भिकाजीकाका, शेवंतीकाकी, धाकटे आबा. त्याखाली लिहिलं होतं, आम्ही सदर जागेत भाटकारांच्या मेहेरबानीने राहत असून आमचा कोणताही हक्क नाही. सांगतील त्या दिवशी झोपडी मोडून जागा मोकळी करून देऊ.

कुणीतरी खाडीकाठची बाग विकत घ्यायला येऊन गेलं होतं, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मी विचारलं, "साहेब, यांनी सही केली नाही तर?"

वकील हसले. "बाई, तुम्हाला टाइप करायचंय. वाचायचं नाहीये."

मी टाइप केलं. बाबांचं नाव टाइप करताना एकही चूक झाली नाही. वकील चहाला गेले, तेव्हा मागच्या कपाटातलं कायद्याचं पुस्तक काढलं. नोटिसांत ज्या कलमांचे आकडे यायचे, ती पानं उलटून शोधली. शेतावर राबणाऱ्याचं राहतं घर मालकाला मनाला येईल तेव्हा मोडता येत नाही. काळ्या शाईत छापलं होतं. कधीचं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भाटकाराला आमचा अंगठा का पाहिजे? कारण अंगठ्याशिवाय याचं अडलंय.

कागदाची कार्बन कॉपी मी पोलक्यात घातली. चोरीच केली.

पण घरी जाऊन बोलले नाही. शुक्रवारी नाही. शनिवारी नाही. बाबांना सांगितलं असतं, तर वाडीभर झालं असतं. वकिलांच्या कानावर गेलं असतं. नोकरी गेली असती. मी गप्प बसले.

रविवारी सकाळी भाटकाराने चारही घरांना बोलावणं धाडलं. आम्ही त्याच्या अंगणात, पायरीखाली. तो वर पडवीत, खुर्चीत. बाजूला कागद. शाईचा डबा.

"नव्या रेशनकार्डासाठी कागद आसा. अंगठे लावा आणि जावा."

भिकाजीकाका सगळ्यांत पुढे होते. त्यांनी अंगठा शाईत बुडवला. त्यांनी कागदावर टेकवला. माझ्या डोळ्यांसमोर.

मग बाबांनी हात पुढे केला. अंगठा काळा झाला. तेव्हा मी पुढे जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"आधी वाचून दाखवा."

"तुका कोणी इचारला?" भाटकार म्हणाला.

"गप रव गो," बाबा दबक्या आवाजात म्हणाले. मी मनगट सोडलं नाही.

"ह्यो रेशनचो कागद नाय. ह्यो मीयाच टाइप केलंय."

मी पोलक्यातून कॉपी काढली. वाचायला लागले. एकेक शब्द वाचला. मेहेरबानीने. हक्क नाही. मोडून देऊ. भाटकार खुर्चीतून उठला. गडी दोन पावलं पुढे आले. मी बाबांच्या मनगटाला धरून उभी. वाचत राहिले.

शेवंतीकाकी विधवा, सगळ्यांत गरीब. सगळ्यांत आधी तीच वळली. "माझो अंगठो माका व्हयो आसा," म्हणाली आणि अंगणातून चालायला लागली. धाकटे आबा तिच्यामागे. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग काळा अंगठा स्वतःच्या सदऱ्याला पुसला.

भिकाजीकाका तिथेच उभे होते. "माका चार पोरां आसत गो. तेणां उठयल्यान तर मी जाव खंय?"

त्यांचा अंगठा लागलेला कागद भाटकाराच्या हातात राहिला.

सोमवारी माझी नोकरी गेली. वाडीतल्या कुणाला भाटकाराच्या बागेत काम मिळेना. विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर काट्यांचं कुंपण पडलं. आम्ही लांबून पाणी आणलं. मी ग्रामसेवकाच्या मागे लागले. तीन घरांची नोंद पंचायतीच्या रजिस्टरात होईपर्यंत रोज त्याच्या दारात बसले. दीड महिना. त्याने शेवटी टेप घेऊन घरं मोजली. तीन घरं राहिली.

चौथं राहिलं नाही. गणपती झाल्यावर गड्यांनी भिकाजीकाकांच्या घराच्या भिंती ओढून पाडल्या. कागद होता भाटकाराकडे. रीतसर. स्वच्छ टाइप केलेला. काका पोरांना घेऊन आरोंद्याला बायकोच्या भावाकडे गेले. गोठ्याला लागून एक पडवी मिळाली.

मी भेटायला गेले. मसुदा गुरुवारीच हाती आला होता, हे सांगितलं. काकांनी पाणी दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू रविवारी बोललंस गो," ते म्हणाले. "तुका गुरुवारीच कळलेला. शनिवारी कित्याक नाय इलंस?"

भाटकाराने मला भीती शिकवली, हे खरं. पण ते तीन दिवस माझे होते. माझ्या पगारासाठी मी ते गप्प बसून काढले, आणि एका माणसाचं घर गेलं.

आता मी तालुक्याच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिते. इन्सुलीकडून, वालावलकडून बायका येतात. जागा सोडा म्हणून सांगितलंय, असं हळूच सांगतात. अर्ज उद्या लिहू, असं मी कुणालाही म्हणत नाही. मिळेल त्या गाडीने निघते. त्यांच्या घरी जाते. उंबऱ्यावर बसते आणि कागद मागते. मालक आला तर त्याच्यासमोर वाचते, मोठ्याने, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं. तो म्हणतो, तुझा काय संबंध? मी म्हणते, असले कागद मी टाइप केलेत. आता ते वाचणार. आणि तुम्ही निघून जाईपर्यंत इथून उठणार नाही.