दुसऱ्या पाठातली शांतता

सरांनी माझा पाठ सगळ्या वर्गाला ऐकवला, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं मीच हसले.

हिंगोलीच्या कॉलेजात संगणकाची खोली होती. चपला बाहेर काढायच्या. आत पडदे, गार हवा, संगणकावर फुलाफुलांची कापडं. आम्ही वस्तीशाळेचे मास्तर आणि बाया दर रविवारी तिथं डी.एड.च्या वर्गाला यायचो. डी.एड. झालं तर शाळेत राहायचं, नाहीतर घरी. माझं घरी म्हणजे दुसऱ्याच्या हळदीत पुन्हा खुरपं.

त्या दिवशी स्पीकरमधून माझा आवाज आला. "हवा दिसत न्हाई, मंग हाय कशावरून? काहून गप बसले रे?"

खोली खदखदून हसली. सरांनी तेवढाच तुकडा पुन्हा वाजवला. 'काहून'वर थांबवला.

"बाई, ही भाषा तिकडंच ठेवून यायची. गावाच्या कडेला. तुमच्या लोकांना तिथं जागा असतेच."

आणि मी हसले. पदर सावरून, दात काढून. आता मी आजी झाले. ती बाई आज समोर आली तर तिच्या पाठीत धपाटा घालीन आणि विचारीन, कोणाला हसून राहिली गं शहाणे? तिला वाटायचं, आपणही हसलो की आपण त्यांच्यातले होतो. लई हुशार.

आमच्या बॅचपासून ई-पोर्टफोलिओ नावाचं नवं आलं होतं. म्हणजे वर्षभराचं काम संगणकात ठेवायचं. पहिल्या पाठाचा आवाज, नंतरच्या पाठाचा आवाज, लेकरांची चित्रं, आणि आपण काय शिकलो ते आपल्याच शब्दांत. परीक्षक ते उघडून बघणार. वाढ दिसली की पास. आपली फाईल आपण आपल्या हातानं लावायची, असा नियम सरांनीच सांगितला होता.

पण माझी फाईल लावायची वेळ आली की सर म्हणायचे, "तुम्ही नुसतं सांगा, मी लावतो. माऊसला हात नको."

शेजारी पाटलाची सून बसायची. तिची बोटं हळदीनं पिवळी असायची. तिला कधी काही म्हणाले न्हाईत. आम्ही बौद्ध. हजेरीत आडनाव वाचलं की सरांना तेवढं पुरत होतं. मी मात्र घरून साबणानं हात धुऊन यायची, कॉलेजच्या नळावर पुन्हा धुवायची. साबणानं जाणारी गोष्ट न्हाई ती, हे त्या येडीच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

मग मी बोलणं सुधारायला घेतलं. चुलीपुढं बसून 'नाही, आहे, का बरे' घोकायची. नवरा म्हणाला, "कोन्या साहेबाशी बोलून राहिली? भाकर करपली ना."

माझी शाळा गोरेगावच्या पलीकडं, मेंढपाळांच्या वस्तीवर. कॉलेजनं दिलेला रेकॉर्डर घेऊन गेले आणि तोच पाठ पुन्हा घेतला. एक शब्द चुकला न्हाई. रस्ताभर जीपमध्ये मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटली.

रविवारी सरांनी थोडा ऐकला. "आता कशा शिक्षिका वाटता. पहिला काढून टाकतो. घाण कशाला ठेवायची?"

"सर, एकदा ऐकू द्या. दोन्ही."

त्यांनी हेडफोन टेबलावर ठेवला. हातात दिला न्हाई. मी उचलून कानाला लावला.

दुसरा पाठ. "हवेचे अस्तित्व आपण कसे सिद्ध करू?" मग काहीच न्हाई. बाहेर मेंढरं ओरडतात. मग मीच उत्तर देते. पुन्हा प्रश्न. पुन्हा मीच. मग सखूचा बारीक आवाज. माझ्या वर्गातली सगळ्यात बोलकी पोरगी.

"बाई, आमचं काई चुकलं का?"

आणि माझा आवाज, साफ, शुद्ध, "शांत बसा."

पाठ घेताना मला हे ऐकूच आलं नव्हतं.

पहिला पाठ लावला. सर 'काहून'वर थांबले होते, त्याच्या पुढं काय होतं ते वर्गानं ऐकलंच नव्हतं. पुढं सखू होती. "थंडीत मेंढीच्या तोंडातून धूर निंगतो सकाळी, तीच ना हवा?" मग सगळे एकदम. माझ्या बी तोंडातून निंगतो. बैलाच्या तर लई. कोणी कोणाला ऐकंना. एवढी लेकरं एका वेळी शिकत होती, आणि त्यावर मी हसले होते.

पडद्यावर माझ्या नावाखाली सरांनी आधीच टाईप केलं होतं, 'माझ्या भाषेत चांगली सुधारणा झाली.'

मी माऊस धरला.

"हात काढा."

"न्हाई काढत."

कधी धरलेलाच नव्हता, पडद्यावरचा बाण सैरावैरा पळत सुटला. ते वाक्य पुसायलाच मला लई वेळ लागला. मग एका बोटानं अक्षरं शोधत लिहिलं, 'पहिल्या पाठात लेकरं बोलली. दुसऱ्यात मी सरांना भिले म्हणून लेकरं मला भिली. दोन्ही ठेवावेत.'

सरांनी वाचलं. आवाज चढवला न्हाई. "यावर माझी सही होणार नाही. सहीशिवाय परीक्षक फाईल उघडणार नाहीत. वर्ष जाईल. शाळा पण जाईल. विचार करा."

पाटलाची सून कानाशी आली. "अक्का, पोटाचं बघ. पूस ते."

तिचं बराबर होतं. मी दाराबाहेर येऊन चपला घातल्या. नवऱ्याला काय सांगू? वस्तीवर माझ्या जागी कोणी येईल, की शाळेला कुलूपच? जीपमध्ये मी पदर तोंडात कोंबून रडले. धीट वगैरे काही न्हाई. भेदरलेली बाई होती ती.

पण पुसलं न्हाई. त्याच जीपमध्ये मनाशी म्हणाले, पुसणारही न्हाई. वर्ष जाऊ द्या, पुन्हा बसीन. पुन्हा नापास करा, पुन्हा येईन, हेच दोन पाठ घेऊन, अन् फाईल माझ्याच हातानं लावीन. माझ्या लेकरांच्या मुकेपणावर मी पास होणार न्हाई.