लंबगोल चेंडूचे अध्यक्ष

“खेळायला काय, कोणीबी खेळतं. संघटना चालवायला अक्कल लागती,” असं म्हणून ते ब्लेझरचं मधलं बटण लावायचे. मे महिन्यातसुद्धा. घामानं कॉलर काळी पडलेली, कानशिलावरून ओघळ चाललेले, समोर उन्हात ताटकळलेली पंधरा-वीस पोरं, आणि हे बटण लावतायत. ब्लेझर मरून रंगाचा होता. मुकुंदवाडीच्या एका टेलरनं शिवलेला. खिशावर चेंडूचं चित्र काढायला सांगितलं होतं, त्यानं बटाटा काढला.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. कुठल्यातरी मंडळात, सोसायटीत, पतसंस्थेत. सत्काराच्या वेळी जो खुर्ची थोडी पुढे ओढून बसतो. आमचे तर ज्या खेळाचे अध्यक्ष होते, तो खेळ अख्ख्या औरंगाबादेत कोणी ऐकलेला नव्हता. ऑस्ट्रेलियन फुटबॉल.

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात ते स्टोअरला होते, मी टाइम ऑफिसात. एकदा नवं मशीन बसवायला ऑस्ट्रेलियाहून एक इंजिनिअर आला. जाताना तो एक लांबट, लाल चामड्याचा चेंडू आणि नियमांचं पुस्तक यांच्या टेबलावर ठेवून गेला. दुसऱ्यानं चेंडू पोरांकडे भिरकावला असता. यांनी आधी लेटरहेड छापून घेतलं. जिल्हा संघटना, अध्यक्ष स्वतः. चेंडूला लाथ बसली ती त्यानंतर महिन्याभरानं, आणि तीही यांची नव्हे. स्वतः ते कधीही खेळले नाहीत.

पुस्तकाचं मराठी मी केलं. आमच्या घरात तीन पिढ्या लिहिण्याचंच काम, त्यामुळे ते आपसूक माझ्याकडे आलं. अध्यक्ष करमाड गावचे, शेतकरी घरातले, नोकरीसाठी शहरात आलेले. त्यांनी लिहिलेली पत्रं शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे यायची. ती मी तपासायचो आणि पुढं धाडण्याआधी कँटीनमध्ये मोठ्यानं वाचून दाखवायचो. लोक हसायचे. कँटीनबाहेर हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.

खेळ समजायला अवघड नाही. मैदान लंबगोल. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून पायानं मारलेला चेंडू थेट गेला की सहा गुण. तो खांबाला लागला, कोणाच्या हाताला लागला किंवा बाजूच्या खांबांमधून गेला, की एकच गुण. खांबांपाशी पांढरा कोट घातलेला एक गोलपंच उभा असतो. सहा असतील तर तो दोन बोटं दाखवतो आणि दोन झेंडे हलवतो, एक असेल तर एक बोट, एक झेंडा. एका टोकाचा गोलपंच मी होतो. कोट कारखान्याच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला.

ती सगळी दुष्काळाची वर्षं. जो तो बोअर घेत होता आणि बोअर कोरडे जात होते. अध्यक्षांनी फेल गेलेल्या बोअरचे निळे केसिंग पाइप लोकांच्या दारातून उचलून आणले आणि त्यांचे आठ खांब केले. त्याचंही त्यांनी भाषण केलं. “पाणी नाय लागलं, पर खेळ लागला.” कोणी टाळी वाजवली नाही, तेव्हा त्यांनीच वाजवली.

मैदान म्हणजे मुकुंदवाडी स्टेशनच्या मागची मोकळी जागा. दर सहा महिन्यांनी तिच्या एका कडेला कोणाच्या तरी प्लॉटला तारेचं कुंपण पडायचं. मग अध्यक्ष फक्कीची बादली घेऊन रविवारी सकाळी नवी हद्द आखायचे. लंबगोलाचं अंडं झालं, अंड्याची कोयरी झाली. “नियमात मैदानाचं माप पक्कं दिलेलंच नाय,” ते म्हणायचे. “कुलकर्णी, तुम्हीच तर लिव्हलंय.” ते बरोबर होतं. पुस्तकातला शब्द न् शब्द त्यांना पाठ होता, आणि तो ते समोरच्याला ऐकवल्याशिवाय राहत नसत. चहाच्या टपरीवरही. टपरीवाला त्यांना पाहिलं की स्टोव्हला जास्तच हवा भरायचा, आवाजात काही ऐकू येऊ नये म्हणून.

संघ चार. एका बाजूला अठरा खेळाडू लागतात, आम्ही नवावर भागवायचो. त्यातला एक संघ करमाडचा. तो त्यांनी स्वतः उभा केला होता. ती पोरं त्यांना नाना म्हणायची. संघाचा कप्तान सुखदेव, त्यांच्या भावकीतलाच. लांब पायाचा, कमी बोलणारा. गावात दोन वर्षं पेरणी धड झालेली नव्हती. पोरांना करायला काही नव्हतं, म्हणून ती रविवारी जालना रोडनं मिळेल त्या गाडीला लटकून यायची आणि खेळायची.

त्या वर्षी अध्यक्षांना कोलकात्याहून राष्ट्रीय संघटनेचं पत्र आलं. जिल्ह्यातल्या विजेत्या संघानं राष्ट्रीय स्पर्धेला यावं. ते पत्र त्यांनी इतक्यांना दाखवलं की घडीवर फाटलं, मग त्याला प्लॅस्टिक चढवलं. करमाडमध्ये तर त्या उन्हाळ्यात दुसरा विषय नव्हता. त्या नऊ जणांतलं कोणी मनमाडच्या पुढं गेलेलं नव्हतं. सुखदेवच्या आईनं म्हणे प्रवासासाठी धपाटे कधी करायचे ते आधीच ठरवून ठेवलं होतं.

अंतिम सामना करमाड आणि आमच्या कारखान्याचा संघ यांच्यात. मैदानावरचे पंच स्वतः अध्यक्ष, कारण मी खांबांपाशी, आणि नियम माहीत असलेला तिसरा कोणी नव्हता. कारखान्याच्या लोकांनी कुरकुर केली, स्वतःच्याच गावाच्या सामन्यात हे पंच कसे. अध्यक्षांनी बटण लावलं. “पंचाला गाव नसतं.” मला हसू आलं. मी ते लपवलंही नाही.

शेवटच्या मिनिटाला करमाड पाच गुणांनी मागं होतं. सुखदेवला चेंडू मिळाला, माझ्या खांबांपासून चांगला लांब. सहा मिळाले तर करमाड कोलकात्याला. एक मिळाला तर नाही.

आणि तेवढ्यात मैदानाच्या कडेनं आमच्या कॉलनीचा टँकर आला.

ज्यांनी ती वर्षं काढलीत त्यांना पुढचं सांगायला नको. टँकरचा आवाज आला की मान वळायचीच. तो आठ दिवसांनी आला होता. बायका पाइप घेऊन धावल्या. माझी बायको दोन ड्रम घेऊन रांगेत उभी होती आणि तिला मागं ढकलत होते, हे मला दिसत होतं. मी तिकडं पाहत राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. ओरडा ऐकू आला तेव्हा वळलो. चेंडू माझ्या मागं मातीत टप्पे खात चालला होता.

तो कुठून गेला, मी पाहिलं नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी एक बोट वर केलं.

एकच का, हे मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलंय. टाइम ऑफिसात माझी हयात गेली. तिथं हजेरीत शंका असेल तर कमी तास मंजूर करायचे, जास्त मंजूर केले तर विचारणा होते. हात त्या सवयीनं उठला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की त्या माणसाची जिरली तर मला बरंच वाटणार होतं. प्लॅस्टिक चढवलेलं ते पत्र माझ्या डोक्यात बसलं होतं.

अध्यक्ष मैदान ओलांडून माझ्यापर्यंत आले. धापा टाकत. पोट सुटलेलं, शिट्टी गळ्यात.

“कुलकर्णी, बघितलं का?”

“बघितलं.”

“नक्की?”

“नक्की. खांबाला लागला. एक.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टँकरकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. मी झेंडा घट्ट धरून उभा होतो. ते वळले, करमाडच्या पोरांसमोर गेले आणि त्यांनी एक बोट वर केलं. थोड्या वेळानं सामना संपल्याची शिट्टी वाजवली.

सुखदेवनं अंगातली जर्सी काढून त्यांच्या पायाशी टाकली. “नाना, खांबाला लागला नाय. तुमी बी बघितलंय.”

“मी मधी व्हतो. मला तिथून दिसत नाय. गोलपंच सांगतो त्ये खरं.”

“आपल्याच गावाला बुडिवलं तुमी. घ्या तुमची संघटना, अन् बसा चालवत.”

जर्सी उचलून, झटकून, घडी घालून त्यांनी ती पिशवीत ठेवली. इतक्या नेटकेपणानं की मला किळस आली. माणसानं ओरडावं, निदान शिवी तरी द्यावी. हा घडी घालत होता.

करमाडचा संघ त्या दिवशी मोडला. गावात आवई उठली की नाना कारखान्याच्या साहेबांना विकले गेले, प्रमोशनसाठी. प्रमोशन त्यांना मिळालं नाही, पण गावाला त्याच्याशी काय देणंघेणं. आमच्या संघाला कारखान्यानं रजा दिली नाही. म्हणजे कोलकात्याला शेवटी कोणीच गेलं नाही. कँटीनमध्ये त्यांचा विषय निघायचा. “स्वतःच्या गावाचा गोल खाल्ला, पचला कसा?” असं कोणी म्हणालं की सगळे हसत. मीही हसायचो. एकदा ते मागच्याच टेबलावर डबा खात होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, खाल्ला. मग दुसरा मोडला.

संघटना मात्र चालूच. दोन संघ, मग एक. एका संघाशी कोण खेळणार? तरी दरवर्षी सर्वसाधारण सभेचं पत्र यायचं, जावक क्रमांकासकट. मैदानावर तोवर तीन मजली इमारती उभ्या राहिल्या होत्या. अध्यक्षांनी सभेत ठराव मांडला, पर्यायी मैदानाचा शोध घ्यावा. सभेला ते आणि मी. मी अनुमोदन दिलं.

ते निवृत्त झाल्यावर एकदा मी त्यांच्या घरी गेलो. सांगायचंच असं ठरवून. वाटेत वाक्यं जुळवली होती. वहिनींनी चहा आणला, त्या आत गेल्या, आणि मी सुरुवात केली. “त्या अंतिम सामन्याचं मला तुमच्याशी बोलायचंय. तो शेवटचा चेंडू...”

त्यांनी हात वर केला. “निकालावर हरकत तीन दिवसांत लेखी द्यायची असती, कुलकर्णी. आता घेता येत नाय.”

“हरकत नाही हो. मला फक्त एवढंच सांगायचंय की मी...”

“पंचाला इचारलं, पंचानं सांगितलं. संपलं. पंचावर इस्वास नाय ठिवला तर संघटना कशी चालंल?” त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. मग जरा वेळानं, दुसरंच काही बोलावं तसे म्हणाले, “त्या दिवशी टँकरला लई गर्दी व्हती. आमची बी तिथंच व्हती. तुमच्या मिसेसला दोन ड्रम मिळाले का?”

“एक मिळाला.”

“आमाला बी एकच.”

बाहेर पडलो तेव्हा मला हलकं वाटलं नाही. रागच आला होता. सगळं माहीत असून या माणसानं मला बोलू दिलं नाही. गाव गेलं तरी नियम सोडला नाही. त्यात मोठेपणा होता की नुसताच अडेलतट्टूपणा, मी ठरवू शकलो नाही. अजूनही नाही. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की आधी तो बटाटाच डोळ्यांपुढं येतो, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

ते गेले तेव्हा अंत्ययात्रेला कॉलनी होती, कारखान्यातले जुने होते. करमाडहून त्यांचा भाऊ तेवढा आला. बाकी कोणी नाही. भाऊ येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघायचा. थांबून उपयोग नाही हे दिसल्यावर त्यानंच म्हटलं, चला.

मला करमाडला जायला त्यानंतर दोन वर्षं लागली. अंतर म्हणाल तर अर्ध्या तासाचं. सुखदेवची जमीन शेंद्र्याच्या एमआयडीसीत गेली, आता रोडवर त्याचं टायरचं दुकान आहे. पोट सुटलंय, केस पिकलेत. मी ओळख सांगितली. त्यानं खुर्ची दिली. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, की तो चेंडू मी पाहिला नव्हता. मी टँकरकडे बघत होतो. नानांना मी खोटं सांगितलं.

तो टायरमधून ट्यूब काढत होता. त्याचा हात थांबला.

“म्हंजे आमी जिंकलो व्हतो?”

“माहीत नाही. मी बघितलंच नाही.”

“म्या बघितला व्हता. पर लांबून. मला बी आता वाटतं, लागला आसंल खांबाला.” “नानाला ठावं व्हतं?”

“हो.”

“पयल्यापासून?”

“हो.”

समोरून शेंद्र्याचे ट्रक चालले होते. त्यानं हात चिंध्यांना पुसले, बराच वेळ, एकेक बोट.

“नानाच्या माघारी काकू कुटं असत्यात?”

“पुण्याला, मुलीकडे. इथलं घर विकलं.”

त्यानं गल्ल्यातून पावतीबुक काढलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूला पेन टेकवला.

“पत्ता सांगा.”

मी उभा होतो. पत्ता मी कधी घेतलाच नव्हता.