उंबऱ्यात आडवा कप्तान

आमच्या नाटक कंपनीत माणसं मारायचं खातं एकाच माणसाकडे होतं. त्याला सगळे कप्तान म्हणत. तलवारीची झटापट, गळा दाबणं, जिन्यावरून गडगडत येणं, सगळं तोच बसवायचा. मी राण्यांची कामं करायचे. त्याने मला किती वेळा भोसकलं याचा हिशेब यमाकडेच असेल.

या वेडाचं मूळ एका सिनेमात होतं. त्याची मावशी थिएटरात झाडू मारायची. तिने नऊ वर्षांच्या या भाच्याला मागच्या दाराने आत सोडलं. पडद्यावर समुद्री लुटारू एकमेकांना कापत होते आणि नायक डोलकाठीवरून शिडात सुरी खुपसून, शीड टराटरा फाडत खाली उतरला. झालं! दुसऱ्या दिवशी पोरगा चादर आणि सुरी घेऊन कोळशाच्या वखारीच्या छपरावर. चादर फाटली, खांद्याचं हाड मोडलं, सुरीने मांडी उसवली. मावशीने रक्त पुसत पुसत बडवला. हुंदके आवरल्यावर त्याने विचारलं, "पुढचा खेळ किती वाजता?"

समुद्र त्याने जन्मात पाहिला नाही. पण पाण्याच्या टाक्या, घंटाघर, पडक्या भिंती, चढायला काही सोडलं नाही.

तालमीत त्याचा एकच कायदा होता. ठोसा जबड्याच्या चार बोटं अलीकडे थांबला पाहिजे. समोरच्याने मान झटकायची, ठोशाच्या आवाजासाठी विंगेतल्याने मांडीवर थाप मारायची. चुकून कुणाचा हात लागलाच तर त्याला रंगमंच पुसायला लावी.

त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायचा. त्याचा हात अलीकडे थांबत नसे. एकदा तिने मला कान दाखवला. आत रक्त सुकलं होतं. "पुढच्या वेळी डोकंच फुटेल," ती म्हणाली, भांड्याबद्दल बोलावं तशी.

मी ते कप्तानला सांगितलं.

"राणीसाहेब, दुपारी मोकळ्या आहात? तिला घेऊन येऊ."

"आणि मेहुणे घरी असले तर?"

"तर मजा येईल." पन्नाशी उलटलेल्या माणसाचे डोळे लकाकले.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत आम्ही तिचे कपडे पिशवीत कोंबत होतो, तोच मेहुणा आला.

"कुठे निघाली वरात?"

"बाजूला व्हा, मेहुणे."

त्याने बायकोच्या केसांना हात घातला. कप्तानने ठोसा उचलला. काय देखणा ठोसा होता तो, कमरेतून फिरून आलेला! आणि जबड्याच्या चार बोटं अलीकडे येऊन थांबला. आयुष्यभराची सवय. मान कुणीच झटकली नाही.

मेहुणा क्षणभर बघतच राहिला. मग हसला. "हे दाखवायला तिकीट लावता?" त्याने केस सोडले आणि कप्तानच्या तोंडावर मूठ हाणली. दात उडून शेगडीवर पडला.

कप्तानने त्याला कमरेत मिठी मारून खोलीत आत रेटलं. "न्या तिला!"

आम्ही बाहेर पडलो. जिन्याच्या वळणावरून मी पाहिलं. कप्तान दारात उभा होता आणि मेहुण्याच्या हातात लोखंडी तवा होता. पहिल्या घावाला कप्तान पडला. मारता येत नव्हतं, पण पडणं त्याच्याइतकं कुणाला येत होतं? तो बरोब्बर उंबऱ्यात आडवा पडला. उठला, पुन्हा मार खाल्ला, पुन्हा तिथेच पडला. मेहुणा त्याला ओलांडायला गेला, तर त्याने दोन्ही हातांनी घोटा धरला. मग त्या हातांवर तवा पडू लागला.

जिन्यात प्रत्येक घाव घुमत होता. मांडीवर थाप मारणारं कुणी नव्हतं. धाकटी वर पळायला बघत होती, मी तिला ओढत उतरवत होते. माझ्या मनगटावर तिची नखं रुतली. मागून घरघर ऐकू आली, लाथ ऐकू आली. आमच्या आरडाओरड्याने तळमजल्यावरचे सुतार बाप-लेक वर धावले. त्यांनीच मेहुण्याला पाडून बांधलं.

कप्तानचा जबडा तारेने शिवला. दोन बोटं पुन्हा वाकली नाहीत. दवाखान्यात धाकटी चमच्याने पेज भरवत होती, अर्धी हनुवटीवरून ओघळत होती.

"परत नाही ना जाणार?" तो तारेतून पुटपुटला.

"नाही रे दादा."

"उतरताना काही ऐकू आलं?"

तिने त्याची हनुवटी पुसली. "जिन्यात कुठलं काय ऐकू येतंय! तू खा."

त्याने समाधानाने डोळे मिटले. मी मनगटावरच्या नखांच्या खुणांवर पदर ओढून घेतला.